काकांचा केबलचा धंदा घ्यावा का? बडोद्यातल्या एका जुन्या केबलवाल्याचं उत्तर

प्रश्न मांजलपूरच्या एका तरुणाचा आहे. त्याचे काका केबलचा धंदा सोडून मुलीकडे पुण्याला जाणार आहेत. हातात सहाशेच्या आसपास जोडण्या आहेत. काका म्हणतात, बाहेरच्याला देण्यापेक्षा तू घे. वडील म्हणतात, जिओ, गूगल, अ‍ॅमेझॉन अशा कंपन्या टीव्हीत उतरल्यावर केबल चार वर्षंही टिकणार नाही, पैसे विश्वामित्री नदीत टाकल्यासारखे होतील. तर या कंपन्या केबल खरंच संपवतील का, आणि धंदा घ्यावा का?

मी 1993 पासून बडोद्यात हेच काम करतो. दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या गच्चीवर बारा फुटी डिश, दोन रिसीव्हर, एक व्हीसीआर आणि चाळीस घरं, अशी सुरुवात होती. रात्री नऊला पिक्चर लावायचा आणि टेप अडकली की वाड्यातली पोरं ओरडत जिना चढून यायची. आता माझ्याकडे टीव्हीपेक्षा इंटरनेटची घरं जास्त आहेत. तेव्हा जे सांगतो ते बाहेरून बघून नाही, पण मी याच धंद्यात पोट भरलंय, हे ध्यानात ठेवून वाचा.

केबल टीव्ही हा एक धंदा नाही, दोन आहेत. एक टीव्हीचा, म्हणजे चॅनेलं विकत घेऊन घरोघरी पोचवायची आणि महिन्याला पैसे गोळा करायचे. दुसरा तारेचा, म्हणजे खांबावरून, गच्चीवरून, पोळातल्या (जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतल्या) भिंतीवरून कुणाच्या तरी दिवाणखान्यापर्यंत गेलेली वाट आणि ती चालू ठेवणारा माणूस. तीस वर्षं हे दोन्ही एकाच पावतीवर होते, म्हणून ते एकच वाटले. मोठ्या कंपन्यांनी पहिल्याला धक्का दिलाय यात शंका नाही. दुसरा त्यांनाच हवाय. तुमच्या वडिलांना पहिला दिसतो आणि काकांना, मला वाटतं, दोन्ही एकच दिसतात.

‘आता केबल गेली’ हे मी पहिल्यांदा ऐकलं ते डीटीएच आलं तेव्हा. डिश टीव्ही 2003 मध्ये, टाटा स्काय 2006 मध्ये, मग एअरटेल, व्हिडिओकॉन. अलकापुरीतली घरं पटापट गेली, कारण तिथं चित्र स्वच्छ हवं होतं आणि पैशाचा प्रश्न नव्हता. शहराच्या आत मात्र लोक थांबले. पावसाळ्यात डीटीएचचं चित्र चौकोन-चौकोन होऊन थिजायचं आणि तक्रार करायला समोर माणूस नसायचा, फोनवर एक दाबा, दोन दाबा. त्यातूनही जे टिकलं ते आमच्या हुशारीमुळे नव्हे. आमचा पोरगा सायकलवरून दहा मिनिटांत यायचा, एवढंच.

खरा बदल 2013 चा. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात देशातल्या 38 शहरांना 31 मार्च 2013 ही मुदत होती, त्यात अहमदाबाद, सुरत, राजकोट आणि आपण. त्याआधी एक तार घरात नेली की काम संपलं. टीव्हीच्या पाठीत खुपसायची, आतल्या खोलीत दुसरा टीव्ही असेल तर स्प्लिटर लावायचा. आम्ही वर, म्हणजे आम्हाला चॅनेलं पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीला, किती जोडण्या कळवायचो हे विचारू नका. बरं, विचारलंच असं समजून सांगतो: शंभर असल्या तर वीस-पंचवीस. चॅनेलवाल्यांनाही ते माहीत होतं, म्हणून तेही दर त्या हिशेबानं चढवून मागायचे. दोन्हीकडचे लबाड, मध्ये ग्राहक सुखी. मग डब्बा आला, म्हणजे सेट-टॉप बॉक्स. प्रत्येक घराचा नंबर वरच्या संगणकावर नोंदला गेला. तोवर घर आमचं होतं, त्या दिवसापासून ते डब्ब्याचं झालं. माझ्या वहीतल्या माणसाचं कनेक्शन दुसऱ्या शहरात बसलेला कोणी बटण दाबून बंद करू शकतो, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. तुम्ही मात्र सुरुवातीलाच समजून घ्या.

पुढे 2019. एक फेब्रुवारीला ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा दरनियम लागू झाला. शंभर चॅनेलांसाठी 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. त्याच्यावर जे पैशाचं चॅनेल हवं ते निवडा आणि त्याचे वेगळे द्या. कागदावर याहून न्याय्य काही नाही. प्रत्यक्षात मी महिनाभर दांडिया बाजार आणि बाबाजीपुऱ्यात फॉर्म घेऊन दिवाणखान्यातून बसलो. बडोद्याचे तयार पॅक गुजराती आणि हिंदी धरून केलेले, मराठी चॅनेलं वरून जोडावी लागत. एका आजींनी चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि म्हणाल्या, ‘अरे, पूर्वी ताट भरून यायचं. आता पंगतीला बसवून मोजून वाढतोस का रे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या एरियात बहुतेकांचं बिल वाढलं आणि त्या रागात बऱ्याच घरांनी डब्बाच काढून ठेवला.

आता जुळवून बघा. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, मोबाईलचा डेटा मातीमोल झाला. हॉटस्टार त्याच्या वर्षभर आधीपासून होतंच, नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ 2016 चेच. म्हणजे ज्या वेळी केबलवर तेच चॅनेल मोजून वाढलं जात होतं, त्याच वेळी तीच मालिका खिशातल्या फोनवर, आणि तिथं ट्रायचा दरनियम लागू नाही. आमच्या हातापायात बेड्या आणि समोरचा मोकळा, अशी ती कुस्ती. आमच्या लोकांनी यावर पुष्कळ निवेदनं दिली. मला विचाराल तर निवेदनांनी कुस्ती जिंकता येत नाही.

पण त्या दरनियमाच्याही आधीची एक तारीख आहे, जी तुमच्या वडिलांनी लक्षात घ्यायला हवी: ऑक्टोबर 2018. रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या देशातल्या दोन मोठ्या केबल कंपन्यांमध्ये बहुमताचा हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं, मिळून पाच हजार कोटींहून जास्त रुपये मोजून. हॅथवेच्या पाठोपाठ आपल्या गुजरातची केबल कंपनी जीटीपीएलही त्यांच्या छत्राखाली आली. ज्यांच्याकडे देशभर मोबाईलचे टॉवर, पैशाला तोटा नाही, त्यांनी जुनाट म्हणून हिणवलेल्या केबल कंपन्या कशाला घ्याव्यात? चॅनेलांसाठी नक्कीच नाही. त्यांना घरात शिरायची वाट हवी होती. रस्ता खोदायची परवानगी, सोसायटीच्या सेक्रेटरीची मर्जी, पोळातल्या शेजाऱ्याच्या भिंतीवर खिळा ठोकू देणारी ओळख, हे सगळं विकत घ्यायला दुकान नाही. ते तुमच्या काकांसारख्या माणसांकडे असतं. खरेदीच्या वेळी रिलायन्सनं या दोन कंपन्यांशी जोडलेल्या 27,000 स्थानिक ऑपरेटरांचा उल्लेख मुद्दाम केला होता, तो उगाच नाही.

वर्षभरानं, सप्टेंबर 2019 मध्ये, जिओफायबर बाजारात आलं, 699 पासून. पुढच्या वर्षी 399 चाही प्लॅन आला. त्या दोन दिवाळ्यांमध्ये माझी जेवढी घरं गेली तेवढी आधीच्या दहा वर्षांत गेली नव्हती. टीव्ही त्यांनी वेगळा विकलाच नाही, इंटरनेटबरोबर पिशवीत घालून दिला. भाजीवाला कोथिंबीर देतो तसा. ज्याच्या मालाला दुसरा फुकट कोथिंबीर म्हणून देतो, त्यानं त्या मालावर पोट भरायची आशा धरू नये. हे मला पचवायला दोन वर्षं लागली.

अमेरिकेचं थोडक्यात सांगतो, कारण हा प्रश्न तिथं आपल्या आधी दहा वर्षं चघळून झालाय. इंटेलनं इंटरनेटवरून केबलसारखा टीव्ही द्यायचा घाट घातला आणि तो सुरू होण्याआधीच 2014 च्या सुरुवातीला व्हेरायझनला विकून टाकला. सोनीनं प्लेस्टेशन व्ह्यू चालवून पाहिलं, जानेवारी 2020 मध्ये बंद केलं. गूगलचं यूट्यूब टीव्ही मात्र टिकलं. 2017 मध्ये महिना 35 डॉलरला सुरू झालेली ती सेवा 2025 मध्ये जवळजवळ 83 डॉलरवर गेली. का वाढली? कारण तार कुणाचीही असो, खेळ आणि बातम्या ज्यांच्या मालकीच्या त्यांना पैसे द्यावेच लागतात, आणि ते दर वर्षी जास्त मागतात. म्हणजे गूगलनं केबल मोडून नवी केबलच बांधली, फक्त खांबावर चढायचं काम दुसऱ्यावर सोडलं. आणि तिथल्या कॉमकास्ट या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या केबल कंपनीचं काय झालं? 2015 मध्येच तिचे इंटरनेटचे ग्राहक टीव्हीच्या ग्राहकांपेक्षा जास्त झाले. टीव्ही गळत राहिला, तार कमवत राहिली.

आपल्याकडेही खेळाचा हिशेब तसाच. जून 2022 मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला, टीव्हीचे 23,575 कोटींना गेले आणि डिजिटलचे 23,758 कोटींना. मोबाईलनं टीव्हीला मागे टाकलं, थोडक्यानंच, पण टाकलं. पुढच्या वर्षी जिओसिनेमावर आयपीएल फुकट दिसलं. त्या हंगामात माझ्याकडे रोज फोन यायचे, ‘स्पोर्ट्सचं पॅक काढून टाका.’ नोव्हेंबर 2024 मध्ये दोन्ही हक्कांचे मालक एकत्र झाले, आणि नंतरच्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार आलं. फुकटचं फार दिवस राहत नाही, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. पण गेलेलं घर परत आलं असं मात्र झालं नाही.

आता थोडं तंत्राचं, कारण इथे केबलची एक ताकद आहे आणि ती पुष्कळांना माहीत नसते.

केबलच्या तारेत आठ मेगाहर्ट्‌झचा एक कप्पा असतो. त्यात सेकंदाला साधारण 38 मेगाबिट माल मावतो, चांगली लाईन असेल तर 50. साध्या चित्राचं एक चॅनेल दोन मेगाबिटच्या आत बसवता येतं, म्हणजे एका कप्प्यात वीसेक चॅनेलं. असे पन्नासच्या वर कप्पे एकाच तारेत. आणि मुख्य गोष्ट अशी, की ते चॅनेल सहा घरं बघोत की सहा लाख, तार तेवढाच माल वाहते. सगळ्यांना एकच ताट, एकदाच वाढलेलं.

इंटरनेटवर तसं नाही. तिथं प्रत्येक घराला स्वतंत्र ताट. तुमच्या काकांच्या सहाशे घरांनी एकाच वेळी चांगल्या चित्रात मॅच लावली, घरटी पाच मेगाबिट धरा, तर तीन हजार मेगाबिट, म्हणजे तीन गिगाबिट एका क्षणी हवेत. ऑपरेटरनं वरून एक गिगाबिटची लाईन घेतली असेल तर काय होईल ते सांगायला नको. मोठ्या कंपन्या यासाठी आपला माल जवळच्या सर्व्हरवर साठवून ठेवतात, पण चालू मॅच आधी साठवता येत नाही, फक्त जवळून वाटता येते.

आठवतोय ना 19 नोव्हेंबर 2023? अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल. हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी लोक बघत होते, आणि ते कोसळलं नाही, याबद्दल त्यांच्या इंजिनियरांना मी मनापासून हात जोडतो. पण माझ्या सोसायटीत काय झालं ते ऐका. तळमजल्यावर केबल, वर तिसऱ्या मजल्यावर अ‍ॅप. कमिन्सच्या चेंडूवर कोहली बोल्ड झाला आणि खालून ‘अरे रे रे’ ऐकू आलं. वरती कोहली अजून गार्ड घेत होता. वीस-पंचवीस सेकंदांचा फरक. अ‍ॅप माल तुकड्या-तुकड्यांनी पाठवतं आणि अडखळू नये म्हणून काही तुकडे हातात राखून मगच दाखवतं, त्याचा हा उशीर. वरचे लोक शेवटी खाली येऊन बसले. पण पुढच्या महिन्यात त्यांनी केबल घेतली का? नाही. वर्षातून चार दिवसांची अडचण माणूस सहन करतो.

म्हणून ‘कोणतं तंत्र चांगलं’ या वादात पडू नका. एकाच वेळी सगळ्यांना एकच गोष्ट दाखवायची तर केबल आजही सगळ्यात स्वस्त आहे. पण घरातले चौघं चार वेळी चार गोष्टी बघतात, तिथं ती स्वस्ताई वाया जाते.

केबलला खालून कुरतडणारा आणखी एक आहे, त्याच्याविषयी कुणी बोलत नाही, कारण तो टेक कंपनी नाही. दूरदर्शनची फ्री डिश. 2004 पासून आहे. एकदा डिश आणि डब्बा घेतला की महिन्याचं काही नाही. वाघोडिया रोडच्या पलीकडे, शहराच्या कडेला, जिथं महिन्याचे अडीचशेही जड जातात, तिथली माझी घरं तिकडे गेली. श्रीमंत वरून गेले, गरीब खालून गेले. मध्ये उरले ते वयस्कर, आणि एकत्र कुटुंबातली मंडळी. डीटीएचवाल्यांचीही तीच गत. ट्रायच्या आकड्यांत 2020 अखेर त्यांची घरं सात कोटींच्या वर होती, मार्च 2025 ला ती पावणेसहा कोटींच्याही थोडी खाली आलेली. म्हणजे ज्यांनी आम्हाला मारायचं होतं तेही आमच्याच रांगेत उभे.

आता पैशाचं. काकांनी तुम्हाला ‘महिन्याला इतकं कलेक्शन’ असा आकडा सांगितला असेल. तो विसरा. हातात काय पडतं ते बघा. समजा घरात 130 चं मूळ शुल्क आणि 100 रुपयांची पैशाची चॅनेलं आहेत. 18 टक्के जीएसटी धरून ग्राहक 271 रुपये 40 पैसे देतो. त्यातले 41 रुपये 40 पैसे सरकारचे. चॅनेलांच्या शंभरातले 80 चॅनेलवाल्यांचे, 20 वितरणाचे. वेगळा करार नसेल तर ट्रायच्या नमुन्यात मूळ शुल्क आणि ते 20 दोन्ही वरच्या कंपनीला 55 आणि ऑपरेटरला 45 टक्के. म्हणजे तुम्हाला 58 रुपये 50 पैसे अधिक 9 रुपये, एकूण 67 रुपये 50 पैसे. त्यातून पोराचा पगार, पेट्रोल, गच्चीवरचं वीजबिल, जळालेले अ‍ॅम्प्लिफायर. जुलै 2024 मध्ये ट्रायनं मूळ शुल्कावरची मर्यादा काढून टाकली, तेव्हा आज आकडे ठिकाणागणिक वेगळे असतील, पण वाटणीचं रूप हेच. सहाशे घरं, घरटी सत्तर रुपये, यावर दोन पगार निघाले तर नशीब.

इंटरनेटच्या एका घरातून मला याच्या दुप्पट-तिप्पट उरतं. पण तिथं मेहनत वेगळी आहे. केबलला चित्र एक दिवस गेलं तर लोक दुसरं काहीतरी करायचे, गप्पा मारायचे, लवकर झोपायचे. वायफाय दहा मिनिटं गेलं की तिघांचे फोन, कारण एकाची ऑफिसची मीटिंग, एकीची परीक्षा, आणि आजींची सून कॅनडाहून व्हिडिओ कॉलवर. रात्री साडेअकराला तुटलेलं फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन गच्चीवर चढायची तयारी असेल तरच या कामात या. उत्तरायणाच्या दोन दिवसांत आमच्याकडे कुणी जेवत नाही. पतंग तारेत अडकला की पोरं लंगर टाकून तार खेचतात, आणि 15 जानेवारीला, वासी उतराणच्या संध्याकाळी, निम्म्या पोळात वायफायच्या डब्यांवर लाईन तुटल्याचे लाल दिवे लागलेले असतात. काळी कोअॅक्स तार, म्हणजे केबल टीव्हीची जुनी धातूची तार, ओढ सहन करायची. फायबर आत केसाएवढं काचेचं, ते वाकलं तरी रुसतं.

फायबरचे फायदे मला पुरानं शिकवले. ऑगस्ट 2024 मध्ये काला घोडा पुलाशी विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली होती, रस्त्यावर मगरी आल्या होत्या, ते तुम्हीही पाहिलं असेल. कोअॅक्सच्या लाईनमध्ये दर काही अंतरावर अ‍ॅम्प्लिफायर लागतो आणि त्याला वीज लागते. त्या पुरात माझे खालचे सगळे अ‍ॅम्प्लिफायर बुडाले, एकही परत चालला नाही. फायबरच्या लाईनमध्ये मध्ये कुठे वीजच नाही, फक्त दोन टोकांना. स्प्लिटरच्या डब्या पुसून, वाळवून बघितल्या, बहुतेक चालू. त्या दिवसापासून मी कोअॅक्सवर एक रुपया घातलेला नाही. (मगरींमुळे पोरं खांबापर्यंत जायला तयार नव्हती, तो वेगळा किस्सा. मीही गेलो नाही.)

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. टीव्हीचा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हाती जवळजवळ गेलेला आहे. एका झटक्यात नव्हे, घर-घर करून. जी आजी आज रिमोटवरची तीनच बटणं ओळखते तिच्या घरी केबल आणखी काही वर्षं राहील. तिच्या मुलानं स्मार्ट टीव्ही आणून बसवला तरी राहील, कारण एकदा इनपुट बदलला गेला की ती मलाच फोन करते, आणि मी जातो, डब्बा माझा नसला तरी. पण नवं घर केबलसाठी केबल घेत नाही. मागच्या तीन वर्षांत माझ्याकडे नुसत्या टीव्हीसाठी नवं कनेक्शन मागायला कुणी आलं असेल तर ते हाताच्या बोटांवर मोजावं.

तारेचं भवितव्य अजून ठरायचं आहे. हवेतून इंटरनेट देणारे डब्बेही आले आहेत, एअरफायबर 2023 पासून, त्यांना गच्चीवर तार नेणारा माणूस कमीच लागतो. मला त्याची भीती वाटते, जिओफायबरपेक्षा जास्त. पण जुन्या शहरात, जाड भिंतींच्या वाड्यांत आणि अरुंद पोळांत, हवेतल्या लहरी अडखळतात, तिथं तार अजून राजा आहे. मांजलपूर मात्र मोकळं आहे, उंच इमारती वाढताहेत. तुमच्या एरियात हा धोका माझ्यापेक्षा जास्त.

केरळकडे एकदा बघा. तिथल्या ऑपरेटरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली, केरळा व्हिजन. आज ती केबलमध्येही मोठी आहे आणि इंटरनेटमध्येही. वरची कंपनीच त्यांची स्वतःची असल्यामुळे डब्ब्याचा नंबर दुसऱ्याच्या हातात गेला नाही. आपल्या इथं मीटिंगा पुष्कळ झाल्या. चहा, फाफडा, भाषणं. मग प्रत्येकानं शेजारच्याची चार घरं दर पाडून फोडली. मीही फोडली, खोटं कशाला बोलू.

आता काकांच्या धंद्याचा भाव. माझं मत विचाराल तर डब्ब्याच्या घराला सहा महिन्यांत हातात पडणाऱ्या रकमेपेक्षा जास्त देऊ नका. इंटरनेटच्या घराला दीड वर्षाचं चालेल, लाईन फायबरची आणि ताजी असेल तर दोन वर्षांचं. सहाशे जोडण्या असा एकच आकडा लावून भाव करू नका, काकांनी मायेनं सांगितला तरी. वहीत मागचे बारा महिने कोण सलग भरतोय ते बघा. तीन महिने थकलेलं घर हे घर नाही.

लाईन स्वतः फिरून बघा. ओएनयूवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, मीटर लावून प्रकाशाची पातळी घ्या. उणे 18 ते उणे 22 च्या आसपास असेल तर काम नीट झालंय. उणे 27 च्या खाली सरकलेली घरं जास्त निघाली तर समजा की स्वस्तात एकाला एक जोडत नेलंय, पहिल्या पावसात सगळं तुमच्या गळ्यात पडेल. वरच्या इंटरनेट कंपनीबरोबरचा करार वाचा. घरांची नोंद कुणाच्या नावावर आहे, तुम्ही उद्या दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर घरं बरोबर नेता येतात का, हे त्यात लिहिलेलं असेल किंवा मुद्दाम लिहिलेलं नसेल. माझ्या एका जुन्या करारात ते लिहिलेलं नव्हतं, आणि दीडशे घरं एका रात्रीत माझी राहिली नाहीत. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक माझीच, कागद न वाचता सही केली.

आणि येत्या पाच तारखेला काकांबरोबर कलेक्शनला जा. पावती फाडायला नको, नुसतं दाराशी उभं राहा आणि दार कोण उघडतं ते बघा. आजी-आजोबा असतील तर कडेला एक खूण करा, कॉलेजातली पोरं असतील तर दुसरी. दोन्ही खुणा मोजल्यावर आकडा सांगा, मग भावाचं पुढे बोलू. काकांना एवढंच विचारून ठेवा, की गच्चीवरची ओएलटी, म्हणजे फायबरच्या सगळ्या घरांना सिग्नल देणारी पेटी, कुणाच्या नावावर घेतली आहे, आणि तिची पावती कुठे आहे.